तेराव्या महिन्याचा हुकूम कोण काढतं?

२०२२ साली गणपती ३१ ऑगस्टला बसले. २०२३ला १९ सप्टेंबरला. मग ७ सप्टेंबर, त्यानंतर २७ ऑगस्ट आणि २०२६ला १४ सप्टेंबर. या तारखा एकाखाली एक लिहून नुसत्या बघत बसा. बाप्पा बारा दिवस अलीकडे येतात, पुढच्या वर्षी आणखी अकरा दिवस अलीकडे येतात आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडे. हे काय चाललंय?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मधे अधिक महिना आला. अगदी बरोबर. पण तो आणला कोणी? सोलापुरात की काशीत पंचांगकर्त्यांची बैठक भरते का? एखाद्या पीठाधीशांची मंजुरी लागते? दिल्लीतून परिपत्रक निघतं?

यातलं काहीच होत नाही. अधिक महिना कोणीही ‘टाकत’ नाही, तो आपला आपण पडतो. एवढ्या मोठ्या देशाचे सणवार एका महिन्याने पुढे सरकतात आणि तो निर्णय घेणारा माणूसच अस्तित्वात नाही! मला तर आपल्या पंचांगातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. जावयाला चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे वाढताना आपण तिच्याकडे साफ दुर्लक्ष करतो, ही गोष्ट वेगळी.

आधी दुखणं काय ते पाहू. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर काही तास. ऋतू मात्र सूर्याच्या मागे चालतात, आणि त्याचं वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं. दरवर्षी जवळजवळ अकरा दिवसांची तूट. तीन वर्षं गप्प बसलात तर महिनाभराची. सोळा वर्षं गप्प बसलात तर श्रावण कडाक्याच्या थंडीत येईल आणि होळी पावसात भिजेल.

गंमत म्हणजे, गप्प बसणं हाही एक प्रामाणिक मार्ग आहे. इस्लामी कालगणनेने तोच धरला. तिथे जास्तीचा महिना नाहीच, म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००० साली ईद-उल-फित्र दोनदा आली होती, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात.

दुसरा मार्ग म्हणजे राजाने फर्मान काढायचं. बाबिलोनचा हम्मुराबी आपल्या अधिकाऱ्याला लिहितो, की यंदा एक महिना जास्त धरायचा आहे, त्याची तशी नोंद करा. तेवढ्यावर तो थांबत नाही. पुढे लगेच बजावतो, की सारा मात्र आधी ठरलेल्या मुदतीतच जमा झाला पाहिजे! मातीच्या पाटीवरचं हे पत्र जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं आहे, पण महसूल खात्याचा सूर ओळखीचा वाटतो ना? रोममध्ये हा अधिकार पुरोहितांकडे होता. आपला माणूस पदावर असला की वर्ष लांबवायचं आणि नकोसा असला की आखडायचं, असे प्रकार तिथे सर्रास झाले. शेवटी इ.स.पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरने हा सगळा गोंधळ निस्तरला, तेव्हा ते एक वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

तिसरा मार्ग कोष्टकाचा. १९ सौर वर्षांत चंद्राचे जवळजवळ बरोबर २३५ महिने बसतात. एकोणीस गुणिले बारा म्हणजे २२८, वर उरले सात. म्हणजे १९ वर्षांत सात जास्तीचे महिने घालायचे आणि निर्धास्त राहायचं. अथेन्सच्या मेटनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं, त्याचा काळ इ.स.पू. ४३२. बाबिलोनच्या लोकांनाही ते ठाऊक होतं आणि ज्यू लोकांची दिनदर्शिका आजही त्यावरच चालते.

आणि मग आपला मार्ग. याला ना राजा लागत, ना कोष्टक. नियम जेमतेम एका ओळीचा आहे: ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक.

एवढंच!

राशी बारा आणि महिने बारा. सूर्याने मेषेत प्रवेश केला तो महिना चैत्र, वृषभेत केला तो वैशाख, कर्केत तो आषाढ, सिंहेत तो श्रावण, अशी प्रत्येक महिन्याची ओळख एकेका संक्रांतीशी बांधलेली आहे. आपण तिळगुळाची एकच संक्रांत लक्षात ठेवतो, पण त्या आहेत बारा. एक रास ओलांडायला सूर्याला सरासरी ३०.४ दिवस लागतात आणि चंद्राचा महिना साडेएकोणतीसचा. आता दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्यात असं समजा. एकीवर साडेएकोणतीस एककांवर खुणा, दुसरीवर तीस पूर्णांक चार दशांश एककांवर. सुरुवातीला खुणा जुळतील, मग थोड्या थोड्या सरकत जातील, आणि कधीतरी अखंड एक घर असं येईल की त्याच्या आत दुसऱ्या पट्टीची एकही खूण पडणार नाही. ते रिकामं घर म्हणजे अधिक महिना. सरासरीने ते साडेबत्तीस महिन्यांनी येतं. मोजत बसायला नको, फक्त बघायचं.

२०२३ सालचा अधिक श्रावण जरा जवळून पाहू, कारण तो अक्षरशः थोडक्यात झाला. त्या वर्षी १७ जुलैला पहाटे सूर्य कर्केत शिरला. त्याच रात्री मध्यरात्र उलटून दोनच मिनिटं झाली, आणि अमावास्या संपली. म्हणजे कर्क संक्रांत आषाढाच्या पदरात पडली ती जेमतेम १९ तासांनी. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास संपली. आणि सूर्य सिंहेत कधी गेला? १७ ऑगस्टच्या दुपारी! दोन अमावास्यांच्या मधला अख्खा महिना दोन संक्रांतींच्या फटीतून अलगद निसटला. दोन्ही बाजूंना एकेक दिवसही मोकळा नव्हता. त्या महिन्याला स्वतःची संक्रांतच मिळाली नाही, म्हणून तो अधिक. नावही त्याला पुढच्याचं उसनं मिळालं, कारण सिंह संक्रांत घेऊन खरा श्रावण मागोमाग येतच होता. त्याला निज म्हणायचं.

(उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथे तर आणखी मौज. निज महिन्याचा वद्य पक्ष आधी, मग संपूर्ण अधिक महिना, मग निजाचा शुद्ध पक्ष. एका महिन्याच्या पोटात दुसरा महिना.)

हा नियम फक्त आपल्यालाच सुचला असता तरी पुरेसं होतं. पण चीनमध्येही हाच आहे. तिथे सूर्याच्या वाटेचे बारा टप्पे मानतात आणि ज्या चांद्रमासात एकही टप्पा येत नाही तो जास्तीचा. इ.स.पू. १०४ च्या पंचांगसुधारणेपासून हीच रीत आहे. त्यांचे टप्पे ऋतूंवर बेतलेले आणि आपले ताऱ्यांवर, म्हणून दोन्हीकडचे जास्तीचे महिने मात्र एका वेळी येत नाहीत. २०२३ साली त्यांचा मार्च-एप्रिलमध्ये येऊन गेला, आपला जुलै-ऑगस्टात आला. युक्ती एक, आरंभबिंदू वेगळे.

मग ते १९ वर्षांचं चक्र आपल्याकडे कुठे गेलं? कुठेही नाही. आपण ते नियमात घातलं नाही, तरी ते आपोआप उमटतं. २००४चा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता आणि २०२३चाही १८ जुलै ते १६ ऑगस्टच. अधिक आश्विन २००१ साली १८ सप्टेंबरला सुरू झाला, २०२० सालीही १८ सप्टेंबरलाच. लक्ष्मीपूजन २००१ला १४ नोव्हेंबरला होतं आणि २०२०लाही. तुमच्या घरातच करून बघा. एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला जन्मतारीख आणि जन्मतिथी एकमेकींना गाठतात. फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल. घरातल्या आजी तिथीने औक्षण करतात आणि नातवंडं तारखेने केक कापतात, त्या वर्षी दोन्ही एकाच ताटात उरकेल.

सुरुवातीला हा हिशोब इतका नेमका नव्हता. वेदांगज्योतिषाच्या काळी पाच वर्षांत दोन अधिक महिने धरत. बासष्ट चांद्रमास आणि पाच वर्षं यांची गाठ घालायला गेलं की साडेचार दिवसांची गफलत राहते, पण ढोबळ कामाला ठीक. आणि हे गणित कुठे वापरलेलं सापडतं? महाभारताच्या विराटपर्वात! अज्ञातवास संपायच्या सुमारास अर्जुन उघडपणे रथावर उभा राहतो. दुर्योधन खूश, मुदतीआधी ओळखले गेले म्हणजे पुन्हा बारा वर्षं वनवास. निवाडा भीष्मांकडे जातो. भीष्म नीतीचं व्याख्यान देत नाहीत, हिशोब मांडतात: दर पाच वर्षांनी दोन महिने वाढतात, म्हणजे तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा रात्री जादा भरल्या, मुदत उलटून गेली आहे. राज्य कोणाचं हा प्रश्न अधिक महिन्यांवर तोलला गेला. धोंड्याच्या महिन्याला ‘मल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता एक बारकावा. आजवरचे अधिक महिने आठवून पाहा: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कधी चैत्र, कधी वैशाख. अधिक पौष तुम्ही कधी ऐकलात? नसणारच. बाराही महिन्यांना सारखी संधी असायला हवी होती, मग पौषावर हा अन्याय का?

कारण सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. खरं तर पृथ्वीच एका चालीने चालत नाही. तिची कक्षा किंचित लंबगोल आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला सुमारे १५ कोटी २१ लाखांवर. जवळ असताना ती वेगाने पळते, लांब असताना रेंगाळते. म्हणून जून-जुलैत मिथुन रास ओलांडायला सूर्याला साडेएकतीस दिवसांच्या वर लागतात, त्या ऐसपैस जागेत चांद्रमास सहज रिकामा सापडतो. डिसेंबर-जानेवारीत धनू रास मात्र तो साडेएकोणतीस दिवसांच्या किंचित आतच संपवतो. चंद्राच्या महिन्याहूनही लवकर! तिथे रिकामं घर कुठून मिळणार? ज्या काळात पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे हे जगात कोणी म्हटलेलं नव्हतं, त्या काळच्या पंचांगात तिचा परिणाम मात्र ‘पौष अधिक होत नाही’ या रूपाने नांदत होता.

यातूनच पुढचं कोडं निघतं. रास महिन्यापेक्षा लहान झाली, तर एकाच महिन्यात दोन संक्रांती येणार नाहीत का?

येतात. क्वचितच, पण येतात. आणि मग एक महिना गडप होतो. त्याला क्षयमास म्हणतात. त्याकडे वळण्याआधी मात्र कोकणात जाऊन येऊ, कारण ‘सूर्याने रास बदलली’ हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. आकाशात राशींच्या सीमेवर खांब रोवलेले नाहीत. आरंभ कुठून धरायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. नियम माणसाविना चालतो, पण शून्य कुठे ठेवायचं यावर माणसं शंभर-दीडशे वर्षं भांडू शकतात, आणि महाराष्ट्रात ती अगदी मनापासून भांडली. केरूनाना छत्रे आणि त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांच्या बाजूचा आग्रह होता, की रेवतीच्या ठरावीक ताऱ्यापासून मोजा. चित्रा तारा धरणाऱ्यांचा आरंभ त्याहून सुमारे चार अंश पुढे पडतो. चार अंश म्हणजे सूर्याची चार दिवसांची चाल. म्हणून टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते.

चार दिवसांनी काय बिघडतं? पुन्हा २०२३ बघा. सिंह संक्रांत १७ ऑगस्टऐवजी चार दिवस आधी, १३ला झाली, तर ती १६ ऑगस्टच्या अमावास्येच्या अलीकडे पडते. महिन्याला संक्रांत मिळाली, म्हणजे तो अधिक उरलाच नाही, थेट निज श्रावण झाला! टिळक पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या घरांची गणेशचतुर्थी त्या वर्षी २० ऑगस्टला होती, बाकी महाराष्ट्राची १९ सप्टेंबरला. एकाच आकाशाखाली पूर्ण महिन्याचा फरक, आणि दोघांचंही गणित चोख.

जाता जाता पानिपत. ‘संक्रांत कोसळली’ म्हणताना १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्या मनात असते. पण ताऱ्यांवर मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून वीस मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे संक्रांतीची तारीख सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती.

आता क्षयमास. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्या ग्रंथात भास्कराचार्य सांगतात, की क्षयमास शके ९७४ला होऊन गेला आणि पुढे १११५, १२५६ आणि १३७८ला येईल, बहुधा १४१ वर्षांनी आणि कधी कधी १९ वर्षांनीही. आकडे तपासा: पहिली दोन अंतरं १४१ची, तिसरं १२२चं. आणि १२२ अधिक १९ किती? पुन्हा १४१! स्वतःच्या मरणानंतर अडीचशे वर्षांहून पुढे कोणता महिना हरवणार हे हा माणूस शांतपणे लिहून ठेवतो. आजच्या आकड्यांनी पडताळलं तर १४१ नाक्षत्र वर्षं आणि १७४४ चांद्रमास यांत दिवसाच्या सुमारे एक पंचमांशाचा फरक निघतो.

गेल्या दोन शतकांत काय झालं? १८२२-२३ला क्षयमास आला. त्यात १४१ मिळवा, १९६३-६४. त्यात १९ मिळवा, १९८२-८३. तिन्ही वेळा खरंच आला.

यातला शेवटचा आजही अनेकांच्या हयातीतला आहे. १४ जानेवारी १९८३ला सकाळी अमावास्या संपली आणि त्याच दुपारी मकर संक्रांत झाली. पुढे १३ फेब्रुवारीला पहाटे सूर्य कुंभेत गेला आणि नंतर दोन-तीन तासांनी, सकाळी सहाच्या सुमारास, पुढची अमावास्या संपली. दोन्ही टोकांना काही तासच शिल्लक, पण दोन्ही संक्रांती एकाच महिन्यात आल्या. मकरेमुळे तो पौष, कुंभेमुळे तोच माघ. वेगळा माघ पंचांगातून नाहीसा झाला. मग एक महिना घटला म्हणून हिशोब बिघडला असेल? अजिबात नाही. त्याआधी अधिक आश्विन येऊन गेला होता आणि लगेच पुढे अधिक फाल्गुन आला. क्षयाच्या दोन्ही अंगांना एकेक अधिक. बारा, अधिक दोन, वजा एक. शके १९०४ तेरा महिन्यांचंच झालं, कोणी काही न करता.

पुढचा क्षयमास १९८२ अधिक १४१ म्हणजे २१२३-२४ला. तोवर एक व्यावहारिक प्रश्न मात्र १९८३च्या त्या तीस दिवसांत जन्मलेल्यांना सोडवावा लागतो. तिथीने वाढदिवस करायचा तर पौषात की माघात? धर्मशास्त्राने याचंही उत्तर देऊन ठेवलंय. जोडमहिन्यातली प्रत्येक तिथी मधोमध कापायची, पूर्वार्ध पौषाचा आणि उत्तरार्ध माघाचा. तेव्हा अशा माणसाने आधी आईला जन्माची नेमकी वेळ विचारायची, मग जुनं पंचांग उघडून त्या घडीला तिथी अर्धी उलटली होती की नाही ते पाहायचं. त्याच महिन्यात, त्याच तिथीला, काही तासांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्या भावंडांचे वाढदिवस यात महिन्याने लांब जाऊ शकतात.